नऊ बाय सोळाचं गॅरेज

खामगावातल्या आमच्या घरापुढे नऊ फूट रुंद आणि सोळा फूट लांब मोकळी जागा आहे. घर बांधताना ‘पुढे पाहू’ म्हणून सोडलेली. अशा जागेवर घरातल्या प्रत्येकाचा डोळा असतो. बायकोची तिथे तुळस होती, स्कूटर होती आणि उन्हाळ्यात कुरडया-पापडांचं वाळवण. माझी तिथे एक जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली लहान गाडी उभी असायची. ती बहुतेक वेळ उभीच असायची, कारण तिचा सेल्फ लागत नव्हता. चावी फिरवली की बॉनेटखालून ‘टक्’ असा एकच आवाज यायचा. मग मी खाली उतरून फाटकापाशी उभा राहायचो. दोन-तीन शेजारी काही न विचारता चपला घालायचे आणि धक्का द्यायला यायचे.

यात लाज वाटण्यासारखं एवढंच की मी ऑटोमोबाईल हा विषय शिकवतो. एका लहान खासगी तंत्रनिकेतनात अकरा वर्षं शिकवतो आहे. फळ्यावर मी क्लच असा काढतो की मुलं मोबाईलवर त्याचा फोटो घेतात. खरा क्लच मात्र मी एकदाच हातात धरला आहे, तोही आमच्या प्रयोगशाळेतला. तो मधोमध कापून, आतून लाल आणि बाहेरून निळा रंगवलेला होता. माझं सगळं शिक्षण अशा कापून रंगवलेल्या इंजिनांवर झालं. न कापलेलं, काळं, तेलकट इंजिन समोर आलं की मला ते अनोळखी वाटतं.

आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर. वडील चौथी शिकलेले. पिंपळगाव राजाला आमची थोडी भाजीपाल्याची शेती आहे. आता मोठा भाऊ पाहतो, पण सकाळी वाफ्यात पहिला पाय अजून बाबांचाच पडतो. मी शिकलो तो बराचसा मागून आणलेल्या वस्तूंवर. ड्रॉइंगचा बोर्ड एका वरच्या वर्गातल्या मुलाचा होता. तो त्याने चार वर्षांत परत मागितला नाही. पुस्तकं तीन घरांतून यायची. मुलाखतीला घातलेले बूट भावाच्या मित्राचे होते आणि एक नंबर मोठे होते. हे सांगायचं कारण पुढे येईल.

त्याआधी विहिरीवरच्या इंजिनाची गोष्ट सांगायला हवी, कारण गॅरेज खरं तर तिच्यामुळे बांधलं गेलं.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी आलो होतो. आमच्या विहिरीवर तेव्हा डिझेलचं इंजिन होतं, हँडल मारून सुरू करायचं. एक दिवस ते चालता चालता बंद पडलं. भेंडी पाण्यावाचून मान टाकत होती. आजूबाजूच्या शेतातले चार-पाच जण जमले. कोणीतरी मिस्त्रीला बोलावतो म्हणाला, तेव्हा बाबा म्हणाले, थांबा, पोरगा मेकॅनिकल आहे. आणि त्यांनी मला घरून बोलावून घेतलं.

मी आलो. इंजिनाभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग बोलायला लागलो. ज्वलनाला काय काय लागतं, ते कशाकशामुळे अडतं, असं बरंच काही बोललो. माणसं आदराने ऐकत होती. बोलता बोलता मी दोन-तीन ठिकाणी हात लावला. हात काळे झाले, त्यामुळे काम केल्यासारखं दिसायला लागलं. इंजिन मात्र होतं तसंच राहिलं. शेवटी ‘पुस्तकात एकदा पाहून येतो’ असं सांगून मी घरी गेलो. परत आलो तेव्हा इंजिन चालू होतं, पाणी दांडातून धावत होतं आणि बाबा सगळ्यांना सांगत होते, “पोरानं सांगतलं, हवा धरली म्हणे. नळीचा नट ढिल्ला केला, हवा काढली, झालं काम.”

मी काही बोललो नाही. त्या दिवसापासून मी गावाचा इंजिनिअर झालो. मी गावी आलो की लोक फवारणीचे पंप घेऊन यायचे, मिक्सर आणायचे, एकदा एकाने शिवणयंत्र आणलं. मी ते नीट पाहायचो आणि सांगायचो, याचा पार्ट आता मिळत नाही. ते समाधानाने परत जायचे. एवढ्या वर्षांत माझ्याबद्दल कोणाची तक्रार आली नाही.

पण मला ते टोचायचं. माझी गावातली सगळी किंमत बाबांच्या एका वाक्यावर उभी होती आणि ते वाक्य खरं नव्हतं. बाबांनी सत्तरी ओलांडली तसं ते जास्त टोचायला लागलं. एकदा तरी, त्यांच्या डोळ्यांदेखत, एखादं इंजिन माझ्या हातानं सुरू व्हावं, एवढीच इच्छा होती. त्यात बाबा माझ्या गाडीत बसायला तयार नव्हते. ते आमच्याकडे एसटीने यायचे आणि एसटीनेच जायचे. ढकलल्याशिवाय चालत नाही तिला गाडी काऊन म्हणावं, असं त्यांचं म्हणणं. “सेल्फ दुरुस्त कर, मंग बसतो,” म्हणाले. मी म्हटलं, या दसऱ्याला तुम्हाला याच गाडीतून गावी नेईन, आणि ती मी स्वतः दुरुस्त केलेली असेल. ते “पाहू” म्हणाले.

बाहेरच्या एखाद्या गॅरेजात गाडी नेली असती तर तासाभरात काम झालं असतं. हे मला माहीत होतं. म्हणूनच नेली नाही.

मी पुस्तकं काढली. ‘टक्’ या आवाजावर दोन संध्याकाळी वाचन केलं आणि निदान ठरवलं: सेल्फच्या मोटारीतले कार्बनचे ब्रश झिजले आहेत. अकोल्याहून नव्या ब्रशचा जोड आणला. आता सेल्फ काढायचा तर गाडीखाली जावं लागतं. गाडीखाली जायचं तर गाडी उचलावी लागते. उचलायची तर खाली पक्की, सपाट जमीन लागते. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, तिच्यावर जॅक ठेवणं म्हणजे गोधडीवर ठेवण्यासारखं. तेव्हा कोबा हवा. कोबा करायचा तर वर पत्रे का नकोत? पत्रे घालायचे तर दिवा हवा, दिवा आला की भिंतीला फळी हवी, हत्यारं हवीत. अशा रीतीने एका सेल्फसाठी गॅरेज उभं राहिलं.

मी त्याचा रीतसर नकाशा काढला. तो मात्र मला येतो. नऊ फुटांत गाडीची रुंदी सोडून दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट. दार उघडल्यावर लागणारी जागा मी ठिपक्यांच्या रेषेनं दाखवली. काम करायचं टेबल भिंतीला बिजागरीनं लावलेलं, नको तेव्हा मिटून ठेवायचं. तुळस दोन फूट पूर्वेला सरकवायची. हा नकाशा मी जेवणाच्या टेबलावर बायकोसमोर पसरला. ती जानेफळची, शेतकऱ्याच्याच घरातली. कागदावरच्या रेषांनी ती भारावून जात नाही. तिने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं की यात कुरडया कुठे दाखवल्या आहेत.

शेवटी तह झाला. मिटायचं टेबल एप्रिल-मेमध्ये उघडंच राहील आणि त्यावर वाळवण पडेल. म्हणजे वर्षातले दोन महिने गॅरेज बंद. मी मान्य केलं. मोठे कारखानेही वार्षिक देखभालीसाठी बंद ठेवतात, असं मी तिला सांगितलं. तिने तुळस मात्र एकच फूट सरकवू दिली, त्यामुळे ड्रायव्हरच्या बाजूचं दार अजूनही पूर्ण उघडत नाही.

माझ्या अभिमानाची गोष्ट होती ती हत्यारांची फळी. प्लायचा चार फुटी तुकडा घेऊन त्याला पांढरा रंग दिला. प्रत्येक हत्यार त्यावर ठेवून काळ्या रंगानं त्याची कड ओढली आणि त्या जागी खिळा ठोकला. पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं, मग पेचकस, पक्कड, हातोडी, प्लग पाना. फायदा असा की कुठलं हत्यार जागेवर नाही हे एका नजरेत कळतं. वर्गात मी ही पद्धत शिकवतो. ती इतकी अचूक ठरेल असं वाटलं नव्हतं.

पहिल्या रविवारी शेजारी गॅरेज पाहायला आले. त्यांत शेजारचे काका होते. ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांनी आयुष्यात जितक्या वेळा गाडीखाली डोकं घातलं असेल, तितक्या वेळा मी गाडीत बसलोही नाही. हात मागे बांधून त्यांनी फळीसमोर एक चक्कर मारली.

“सर, हे तं दवाखान्यावाणी दिसून राह्यलं,” ते म्हणाले. मग थोडं थांबून, “थो चौदा नंबरचा रिंग पाना द्या बरं जरा. जावयाची मोटर बसवाची आहे.”

मी दिला. माणसाने मागावं आणि घरात असताना आपण नाही म्हणावं, हे आमच्या घरात झालेलं नाही. होऊ शकतही नव्हतं, कारण नाही म्हणण्याइतक्या वस्तूच घरात नव्हत्या. आम्ही कायम मागणारे होतो. आमच्याकडे स्वतःचा फवारणी पंप यायला वीस वर्षं लागली. तोवर गावाच्या पंपानं आमची वांगी वाचली. मी ज्या बोर्डवर ड्रॉइंग शिकलो तो कोणी परत मागितला असता, तर आज ही फळी रंगवायला मी नसतो. त्यामुळे कोणी पाना मागितला की मला फार बरं वाटायचं. मी तो पुसून द्यायचो.

महिनाभरात गल्लीचं बरंच काम झालं. कोणाचा नळ बसला, कोणाचा पलंग जुळला, कोणाचा कूलर दुरुस्त झाला. फळीवर एकेक आकृती रिकामी होत गेली. बायको रोज सकाळी गॅरेज झाडायची आणि जेवताना मला सांगायची, आज बाराचा गेला, आज मोठा पेचकस गेला. एकदा ती म्हणाली, “अहो, ही फळी चांगली काढली तुम्ही. काय काय नाही ते घरबसल्या समजते.”

आणि सेल्फ काढायला नेमका चौदा नंबरचाच पाना लागतो.

आता आमच्याकडे दिलेली वस्तू परत मागत नाहीत. म्हणजे मागतात, पण मागितलं असं दिसू देत नाहीत. त्या घरी जायचं, तब्येत विचारायची, पाऊसपाण्याचं बोलायचं, चहा घ्यायचा. समोरच्याला आपोआप आठवलं तर ठीक, नाही तर उठून यायचं. मी काकांकडे तीनदा गेलो. चहा तिन्ही वेळा झाला. तिसऱ्या वेळी मी धीर करून विचारलं, जावयाची मोटर बसली का? बसली, छान चालली, म्हणाले. पाना जळगाव जामोदला, जावयाकडेच राहिला होता आणि तिथून तो त्याच्या शेजाऱ्याकडे गेला होता. काकांनी हे इतक्या समाधानानं सांगितलं की मलाही माझा पाना एवढा फिरला याचं कौतुक वाटलं.

दुकानातून दुसरा आणता आला असता. पण नवा पाना घरात आलेला काकांना दिसला असता, आणि तो मागण्याहूनही वाईट अपमान झाला असता. मी थांबलो. ब्रशचा जोड खोक्यात पडून राहिला. दसरा जवळ आला.

खंडेनवमीला बाबा पहिल्या एसटीने आले. हातात वांग्यांची पिशवी, दुसऱ्या हातात शेतातल्या झेंडूंची. आंघोळ करून ते गॅरेजमध्ये आले, कोब्यावर टाच आपटून पाहिली, पत्र्यांकडे पाहिलं आणि फळीसमोर उभे राहिले. त्या दिवशी फळीवर चार हत्यारं होती. बाकी आकृत्या.

“हे काय होय, बापू?” त्यांनी विचारलं.

मी पद्धत समजावली. ज्याची त्याची जागा ठरलेली असते वगैरे. ते म्हणाले, जागा समजली, पण हत्यारं कुठे आहेत? लोकांनी नेली आहेत, मी म्हटलं.

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली. लोकांनी नेली यात त्यांना काही चुकीचं दिसलं नाही. चूक त्यांना वेगळीच दिसली. “आज नवमी आहे. नवमीले औजार मालकाच्या घरी पाह्यजे. नाही तं रुसते थे.”

गावी हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. नवमीच्या सकाळी कोणाची कुऱ्हाड, कोणाचा विळा, कोणाची पहार, सगळं धुऊन ज्याच्या त्याच्या घरी पोहोचतं. कोणी मागायला जात नाही, आणि नेऊन दिलं नाही असं होत नाही. पण ही गोष्ट रिंग पान्याला लागू होते हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी शिकलेला असल्यामुळे विळा आणि पाना माझ्या मनात वेगवेगळ्या धड्यांत होते.

बाबांनी टोपी घातली आणि गल्लीत निघाले. मी फाटकातून पाहत होतो. ते एकेका दारात थांबायचे, हात जोडायचे, दोन वाक्यं बोलायचे आणि पुढे जायचे. त्यांनी कोणाकडे काही परत मागितलं नाही. प्रत्येक घरी जाऊन त्यांनी हत्यारांना पूजेचं आवतन दिलं.

अकरा वाजेपर्यंत चौदाचा पाना सोडून सगळं आलं. लोकांनी हत्यारं घासूनपुसून, काहींनी तर कुंकू लावून आणली. एक पक्कड जास्तीची आली. फळीवर तिची आकृती नाही आणि ती कोणाची हे अजून कळलेलं नाही. काका शरमले होते. त्यांनी जावयाला फोन लावला आणि दुपारच्या एसटीनं, कंडक्टरच्या हाती, वर्तमानपत्रात गुंडाळलेला चौदा नंबरचा पाना जळगाव जामोदहून आला. काका स्वतः स्टँडवर जाऊन तो घेऊन आले आणि त्यांनी तो स्वतःच्या हातानं त्याच्या खिळ्यावर टांगला.

फळी भरली. एकही आकृती रिकामी नव्हती. त्या पहिल्या रविवारनंतर मी ती अशी कधी पाहिली नव्हती. बाबांनी फळीखाली पाट मांडला, गाडीच्या चाकांना पाणी लावलं, हळद-कुंकू वाहिलं, प्रत्येक पान्यावर झेंडूचं एकेक फूल बसेल असं पाहिलं. बायकोनं ओवाळलं. नारळ फुटला. मी प्रसाद तोंडात टाकला, बाह्या वर केल्या आणि चौदाच्या पान्याला हात घातला.

“आज नाई,” बाबा म्हणाले.

मी म्हटलं, उद्या सकाळी आपल्याला गावी निघायचं आहे, आज नाही तर केव्हा करणार?

“नवमीले औजार चालवत नाईत. सालभर राबते बिचारं, एक दिवस तं निजू दे.”

ती सालभर राबली होती हे खरंच होतं; माझ्याकडे नाही, एवढंच. मी हात मागे घेतला. गल्लीचे लोक उभे होते, काका उभे होते. ज्या दिवशी माझ्याकडे सगळी हत्यारं होती, तो वर्षातला ती न वापरण्याचा दिवस होता. इतका नेमका योग मला ठरवूनही जमला नसता.

बाबांनाही बहुधा माझा चेहरा दिसला असावा. ते म्हणाले, बरं, चावी तर फिरव, चावी काही औजार नाही. मी आत बसलो आणि फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. त्यांनी कान वाकडा केला आणि हातानंच ‘बॉनेट उघड’ अशी खूण केली.

त्यांनी वाकून पाहिलं. एक बोट बॅटरीवर ठेवलं. तिथे पांढरी भुकटी जमली होती. मग त्यांनी तारेच्या टोकाची पट्टी दोन बोटांत धरली, तर ती बारीक मनगटातल्या बांगडीसारखी फिरली.

“हे हालते काऊन?”

उत्तर मला पाठ होतं. सेल्फ न लागण्याची कारणं या नावाचा एक तक्ता मी अकरा वर्षं वर्गात लिहून देतो. त्याची पहिली ओळ अशी: ‘बॅटरीची टर्मिनल्स स्वच्छ व घट्ट आहेत का ते पाहावे.’ परीक्षेत त्यावर प्रश्न येतो. कार्बन ब्रश सहाव्या ओळीत आहेत. मी पहिली ओळ का गाळली, याचा नंतर पुष्कळ विचार केला. त्या ओळीला गॅरेज लागत नाही, एवढंच कारण सापडलं.

बाबांनी सुनेकडून तांब्याभर कढत पाणी मागवलं. “पाणी औजार नाई,” ते कोणी न विचारताच म्हणाले. पट्टी हातानंच निघून आली इतकी ती ढिली होती. त्यांनी पाणी ओतलं, भुकटी फेस होऊन वाहून गेली, चिंधीनं पुसलं. दारच्या तोरणाला बांधलेल्या तांब्याच्या तारेचा वीतभर तुकडा पीळ देऊन काढला, दुमडून पट्टीच्या आत बसवला आणि पट्टी अंगठ्यानं दाबून खाली ढकलली.

“फिरव.”

गाडी पहिल्या चावीला सुरू झाली.

मी तसाच स्टिअरिंग धरून बसून राहिलो. बाहेर काका विचारत होते, झाली का चालू, आणि बाबांचा आवाज ऐकू आला, “हाव. पोरानं केली.”

या वेळी मी गप्प बसायचं नाही असं ठरवलं. तुळशीमुळे अर्ध्या उघडणाऱ्या दारातून अंग चोरत बाहेर आलो आणि सगळ्यांसमोर म्हटलं, “काका, मी नाही केली. बाबाईनं केली. मी टर्मिनल पाह्यलंच नव्हतं.”

काका माझ्याकडे पाहून हसले, मग बाबांकडे वळले. “पाह्यलं भाऊ? शिकलेलं पोरगं असं असते. आमचा जावई असता तं म्हणला असता, इंजिन मीच घडवलं.”

मी पुन्हा सांगितलं. तक्त्याची पहिली ओळसुद्धा सांगितली. जितकं जास्त सांगितलं तितके लोक जास्त माना डोलवायला लागले. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं ते असं: सरांनी गाडी दुरुस्त केली, आणि मोठेपणा बापाला दिला. माझी किंमत विहिरीच्या वेळेपेक्षाही वाढली होती.

दसऱ्याच्या सकाळी, औजारांची सुट्टी संपल्यावर, मी दहा नंबरचा पाना काढला आणि त्या पट्टीचा नट आवळला. अर्धा फेरा बसला. गॅरेजमध्ये मी आजवर केलेलं काम ते एवढं. आज हे लिहिताना फळीवर अकरा आकृत्या रिकाम्या आहेत आणि चौदाचा पाना पुन्हा जळगाव जामोदला आहे. त्याला तिकडची सवय झाली असावी. ब्रशचा जोड खोक्यात आहे.

बाबा पुढच्या सीटवर बसले. बायको मागे, आपट्याची पानं मांडीवर घेऊन. पिंपळगाव राजाचा रस्ता लागला, दोन्हीकडे सोयाबीन सोंगलेल्या शेतांत गंज्या उभ्या होत्या, आणि मी विचारून टाकलं. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं तेव्हाही तुम्ही असंच सांगितलं होतं, हवा धरल्याचं मी सांगितलं म्हणून. मी ते सांगितलं नव्हतं.

“सांगतलं होतं,” बाबा म्हणाले.

“कवा?”

“तू बोलतच होता ना तवा. धा गोष्टी सांगतल्या तू. फिल्टर म्हणे, नोझल म्हणे, काय काय. त्यात हवाही होती. तू घरी गेला, मी एकेक पाहत गेलो. सातवी निंगाली.”

मला आठवत नाही. मी अजूनही कधीकधी त्या दुपारचं माझं भाषण आठवून पाहतो, त्यात हवेचा शब्द सापडतो का म्हणून. सापडत नाही. बाबांना दुसऱ्यांदा खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. पण पहिल्यांदाही नव्हतं.

“अन् काल?” मी म्हटलं. “काल तं मी एकही गोष्ट नाई सांगतली.”

बाबा खिडकीबाहेर पाहत होते. मागून बायको म्हणाली, “काल यायनं चावी फिरवली, मामाजी.”

“हाव,” बाबा म्हणाले. “चावी यानंच फिरवली.”

गाव आलं. स्टँडजवळच्या चहाच्या हॉटेलापाशी सकाळची माणसं बसली होती. त्यातले दोघे-तिघे त्या दिवशी विहिरीवर होते. बाबा म्हणाले, इथे थांब. मी गाडी बाजूला घेतली, पण इंजिन चालूच ठेवलं. ही गाडी घेतल्यापासून मी ती उतार पाहूनच लावत आलो होतो, आणि हॉटेलासमोरचा रस्ता अगदी सपाट आहे.

बाबांनी काच खाली केली. लोक उठून गाडीकडे यायला लागले होते.

“बंद कर,” बाबा म्हणाले.

मी बंद केली. सगळीकडे एकदम शांत झालं. माझा हात चावीवरच होता. तांब्याची तार, अर्धा फेरा, पांढरी भुकटी, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

“आता चालू कर.”

मी चावी फिरवली. गाडी सुरू झाली. बाबांनी बाहेरच्या माणसांकडे पाहिलं आणि ते पुन्हा माझ्याकडे वळले.

“अजून एकदा.”

मी बंद केली, चालू केली. लोक हसत होते, कोणीतरी आपट्याचं पान खिडकीतून आत धरलं होतं. बाबांनी ते घेतलं. तिसऱ्यांदा त्यांनी सांगायच्या आधीच मी गाडी बंद केली आणि चावी फिरवली.